पाकीट फेकले की पत्र चुकते: चौकोनी कुटुंबाच्या मेल सर्व्हरचे एक प्रकरण

ठाण्यातले एक चौकोनी कुटुंब. आई, बाबा, ताई आणि धाकटा. चौघांचे मेल पत्ते घराच्या स्वतःच्या डोमेनवर आहेत. इथे त्या डोमेनला 'घर.उदाहरण' म्हणू. टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला जोडलेली एसएसडी, त्यावर पोस्टफिक्स (मेल पोचवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळून फोन-लॅपटॉपना मेल देणारा). सगळे धाकटा सांभाळतो.

एकाच आठवड्यात चार तक्रारी आल्या. सोसायटीच्या सभेची सूचना इतर सगळ्या सभासदांना मिळाली, आईला नाही. ताईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बाबांच्या फोनवर आला. मामाने चौघांना मिळून धाडलेले मुंजीचे निमंत्रण प्रत्येकाकडे चार-चार वेळा पोचले. आणि बाबांनी सकाळी फोनवर वाचलेले मेल संध्याकाळी लॅपटॉपवर दिसेनात.

घरातल्यांचे निदान एकच होते, सर्व्हर बिघडला. बिघडलेले काहीच नव्हते. प्रत्येक प्रोग्रॅम त्याला सांगितले तेच करत होता. फक्त मेल पुरवठादाराकडून टपाल घरी आणताना पाकिटावरचा पत्ता टाकून दिला जात होता आणि आतला मायना वाचून पत्र कुणाचे याचा अंदाज बांधला जात होता. या प्रकरणाचे मूळ तेवढेच आहे. बाकीचे दोन दोष त्यावर चढले आणि चुकलेले पत्र हरवलेले पत्र झाले.

टपाल घरी येते कसे

घरगुती फायबर जोडणीला पुष्कळदा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत असे समजावे. अशा घरात बाहेरचा मेल सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टवर थेट येऊच शकत नाही. म्हणून डोमेनचे टपाल आधी पुरवठादाराकडे उतरते.

या कुटुंबाने तिथे एकच पेटी घेतली होती, कॅच-ऑल पद्धतीची. घर.उदाहरण या डोमेनवरच्या कुठल्याही नावाने आलेले पत्र त्याच पेटीत पडते. घरचा फेचमेल (दुसरीकडची पत्रे ओढून आणणारा प्रोग्रॅम) दर ३०० सेकंदांनी पीओपी३ने (पेटीतली पत्रे उतरवून घेण्याच्या पद्धतीने) ती पेटी रिकामी करतो, पत्र कुणाचे ते ठरवतो, त्याच यंत्रावरच्या पोस्टफिक्सकडे देतो आणि पोस्टफिक्स ते एलएमटीपीने (पेटीपर्यंत पत्र सोपवण्याच्या पद्धतीने) डव्हकॉटच्या हवाली करतो. एका पेटीतून अनेकांना वाटप करण्याच्या या पद्धतीला फेचमेल 'मल्टिड्रॉप' म्हणतो. तिचे धोके त्याच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिले आहेत. ते पान बहुतेक जण सर्व्हर बसवून झाल्यावर वाचतात.

पाकीट आणि मायना

एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याची पद्धत. तिच्या संभाषणात पाठवणारा सर्व्हर आधी 'मेल फ्रॉम' आणि 'आरसीपीटी टू' या आज्ञा देतो. हे पाकीट. त्यानंतर 'डेटा' म्हणून येते ते आतले पत्र. 'टू' आणि 'सीसी' या ओळी या आतल्या पत्राचा भाग असतात, म्हणजे मायना. 'श्री. तात्यांस सा. न.' असे आत लिहिले म्हणून पोस्टमन पत्र तात्यांकडे नेत नाही, तो पाकीट बघतो. मेल सर्व्हरही तेच करतो. हा भेद १९८२ पासूनचा आहे. त्या वर्षी पाकिटाचे नियम इंटरनेटच्या नियमपत्रांपैकी आरएफसी ८२१ मध्ये आणि पत्राचे आरएफसी ८२२ मध्ये असे दोन वेगळ्या दस्तऐवजांतच आले.

पत्र पेटीत पडले की पाकिटाचे काम संपते. पाठवणाऱ्याचा पत्ता 'रिटर्न-पाथ' या ओळीत टिकतो. घेणाऱ्याचा पत्ता टिकवण्याचे बंधन कुणावर नाही. घेणाऱ्याचा पत्ता सांगणारी 'डिलिव्हर्ड-टू' ही ओळ कित्येक वर्षे वापरात असूनही आरएफसी ९२२८ मध्ये तिची नोंद झाली ती २०२२ साली, तीही प्रायोगिक म्हणून. पीओपी३ तर फक्त पत्र देतो. ज्याची त्याची वेगळी पेटी असेल तर यात काही अडत नाही, कारण पेटी कुणाची हेच उत्तर असते. चौघांचे टपाल एका पेटीत ओतले की ते उत्तर जाते.

मग बीसीसीने आलेल्या पत्राचे काय? मायन्यात आईचे नावच नाही. ग्रुपवरून आलेल्या पत्राच्या 'टू'मध्ये ग्रुपचा पत्ता. ताईच्या जुन्या पत्त्यावरून पुढे ढकललेल्या पत्राच्या 'टू'मध्ये जुना पत्ता. सोसायटीची सूचना पहिल्या प्रकारातली, ताईचा रिपोर्ट तिसऱ्या.

आधी नळ बंद

पहिले काम फेचमेल थांबवणे. तो चालू असताना शोध घेत बसले तर दर पाच मिनिटांनी आणखी टपाल चुकीच्या घरात जाते आणि पुरवठादाराकडची मूळ प्रत पुसली जाते. थांबवल्यावर पत्रे पुरवठादाराच्या पेटीत सुरक्षित साठत राहतात, फक्त त्या पेटीची जागा किती उरली आहे ते पाहावे. शोधाच्या काळात फेचमेलला 'कीप' आणि 'यूआयडीएल' हे दोन पर्याय एकत्र द्यावेत. 'कीप'मुळे मूळ प्रत राहते आणि 'यूआयडीएल'मुळे तीच पत्रे पुन्हा पुन्हा ओढली जात नाहीत.

दुसरे काम यादी. घरातल्या माणसांना 'मेल कधी आला नाही?' असे विचारून हाती काही लागत नाही. विचारायचे ते असे: "आई, शेजारच्या काकूंना आलेल्या त्या मेलमध्ये वर 'टू'पुढे कुणाचं नाव दिसतंय?" काकूंच्या फोनवर तिथे सचिवांचा स्वतःचाच पत्ता होता. बीसीसी असणार हे तिथेच कळले. यादीतल्या प्रत्येक पत्रासाठी पाठवणारा, वेळ, 'टू'मधले नाव आणि शेवटी कुणाकडे सापडले हे चार रकाने पुरतात. यादी भरली तेव्हा चुकलेल्या एकाही पत्राच्या 'टू' किंवा 'सीसी'मध्ये खऱ्या मालकाचा पत्ता नव्हता.

लॉग काय सांगतो

ताईचा रिपोर्ट बाबांच्या खात्यात होता. त्याचा मेसेज-आयडी (प्रत्येक पत्राची वेगळी ओळखखूण) घेऊन मेल लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, शोधले. पोस्टफिक्सच्या 'क्लीनअप' ओळीत मेसेज-आयडी आणि क्यू-आयडी (पोस्टफिक्सने पत्राला दिलेली रांगेतली खूण) शेजारीशेजारी असतात. मग त्या क्यू-आयडीने शोधले की पत्राचा सगळा प्रवास ओळीने उभा राहतो. शेवटची ओळ होती: टू=बाबा, रिले=डव्हकॉटचे एलएमटीपी, स्टेटस=सेंट, '२५० २.०.०' आणि 'सेव्हड'.

ही ओळ निकाल देते. पोस्टफिक्सच्या हाती पत्र आले तेव्हाच पाकिटावर बाबा लिहिलेले होते. म्हणजे पोस्टफिक्सचे अलायस आणि व्हर्च्युअल तक्ते (कुठला पत्ता कुणाचा याच्या याद्या), डव्हकॉटचे सीव्ह नियम (आलेल्या पत्राचे काय करायचे ते) यांत शोधण्यासारखे काही नाही. चूक त्यांच्या आधी झाली. पुष्कळ लोक इथे न थांबता अलायस फाइल बदलत सुटतात आणि एकाच्या जागी दोन दोष करून ठेवतात.

आता पुरवठादाराच्या पेटीतले कच्चे पत्र पाहायचे. ओपनएसएसएलच्या 'एस-क्लायंट' या सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या प्रोग्रॅमने ९९५ पोर्टवर जोडून पीओपी३च्या आज्ञा हाताने देता येतात. 'टॉप १ ०' दिले की पहिल्या पत्राचे फक्त हेडर (मजकुराच्या वरच्या माहितीच्या ओळी) येतात, मजकूर येत नाही. हीच आज्ञा वापरावी. ताईच्या आजाराचा कागद घरातल्या दुसऱ्या कुणी वाचण्याचे कारण नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्यानेही नाही, आणि कामाचे सगळे काही हेडरमध्येच असते. एक खाचखळगा इथे नक्की भेटतो: 'एस-क्लायंट'मध्ये ओळीची सुरुवात मोठ्या लिपीतल्या 'आर'ने झाली तर ती आज्ञा सर्व्हरकडे न जाता जोडणीचीच नव्याने बोलणी सुरू होतात, आणि मोठ्या 'क्यू'ने जोडणी तुटते. म्हणून 'रेटर' (पत्र मागवणे) आणि 'क्विट' (जोडणी संपवणे) छोट्या अक्षरांत टाइप करावे, किंवा 'क्वाएट' पर्याय देऊन प्रोग्रॅम सुरू करावा.

सोसायटीच्या नव्या सूचनेचे हेडर असे निघाले. 'डिलिव्हर्ड-टू: कुटुंब@घर.उदाहरण', म्हणजे कॅच-ऑल पेटी. 'एक्स-ओरिजिनल-टू: आई@घर.उदाहरण'. त्याखाली 'रिसीव्ह्ड' ओळ, तिच्यात 'बाय' पुढे पुरवठादाराच्या यंत्राचे नाव आणि 'फॉर' पुढे पुन्हा आईचा पत्ता. पाकिटावरचा पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला होता! फेचमेलने तो वाचला नव्हता.

का, ते त्याच्या बडबड्या रूपाने सांगितले. दोनदा 'व्ही', 'कीप' आणि 'नोडिटॅच' देऊन तो हाताने चालवला की प्रत्येक पत्रावर त्याने काय विचार केला ते पडद्यावर येते. ठरवून दिले नसेल तर फेचमेल 'रिसीव्ह्ड' ओळीतला 'फॉर' वाचू पाहतो, पण 'बाय' पुढचे नाव आपल्या ओळखीच्या मेल सर्व्हरचे असेल तरच त्यावर विश्वास ठेवतो. इथे तो म्हणत होता: ओळ नाकारली, हे यंत्र मेल सर्व्हरचे दुसरे नाव नाही. मग त्याने मायना पाहिला, त्यात घरातले कुणी सापडले नाही, आणि अखेरची ओळ आली: स्थानिक नाव जुळले नाही, बाबांकडे पाठवतो.

बाबांकडेच का? कॉन्फिगरेशनमध्ये 'सेट पोस्टमास्टर' (मालक न सापडलेले पत्र कुणाला द्यायचे) पुढे बाबांचे नाव होते, सर्व्हर बसवताना घरातला वडीलधारा म्हणून लिहिलेले. आणि हे आत्ताच का सुरू झाले? जुन्या पत्रांच्या 'बाय' पुढे वेगळे नाव होते. पुरवठादाराने टपाल नव्या यंत्रावर हलवले होते. तोवर 'फॉर' वाचला जात होता आणि एकेकट्याला आलेली बीसीसीची पत्रेही बरोबर पडत होती. म्हणजे ही व्यवस्था पहिल्यापासून कच्चीच होती, नशिबाने चालली होती.

सोळा निमंत्रणे

मामाचे पत्र एकाच एसएमटीपी संभाषणात चार 'आरसीपीटी टू' घेऊन पुरवठादाराकडे पोचले. त्याने कॅच-ऑल पेटीत चार प्रती टाकल्या, प्रत्येकीवर वेगळा 'एक्स-ओरिजिनल-टू'. इथपर्यंत बरोबर. घेणारे एकाहून जास्त असले की पोस्टफिक्स 'रिसीव्ह्ड' ओळीत 'फॉर' लिहीत नाही (लिहिला तर बीसीसीवाल्यांचे पत्ते बाकीच्यांना दिसतील), आणि पुरवठादाराकडे पोस्टफिक्सच होता. त्यामुळे 'बाय' ओळखीचे असते तरी फेचमेलला इथे मायनाच वाचावा लागला असता. मायन्यात चार नावे. त्याने पहिली प्रत चौघांना दिली, दुसरी चौघांना, तिसरी, चौथी. चार गुणिले चार.

लागोपाठ आलेली हुबेहूब प्रत गाळण्याची सोय फेचमेलमध्ये आहे, पण ती पूर्ण हेडर तंतोतंत सारखा असेल तरच लागू पडते. इथे 'एक्स-ओरिजिनल-टू' प्रत्येक प्रतीत निराळा होता. डव्हकॉटच्या सीव्हमध्ये मेसेज-आयडीवरून दुबार प्रती टाकून देण्याचा नियम लिहिता येतो आणि अनेक जण तेवढेच करतात. इथे ते चुकीचे ठरले असते. निमंत्रणांचा ढीग दिसेनासा झाला असता, आणि हरवलेली पत्रे तशीच हरवत राहिली असती.

बाबांच्या फोनचे पीओपी३

आईची सूचना बाबांच्या खात्यात सापडायला हवी होती. डव्हकॉटमध्ये 'डोव्हअ‍ॅडम सर्च' ही शोधाची आज्ञा सगळ्या खात्यांवर चालवली, काही नाही. लॉगमध्ये मात्र बाबांच्या पीओपी३ जोडणीच्या शेवटी लिहिले होते: 'रेटर=६', 'डेल=६/६'. सहा पत्रे उचलली, पेटीत सहा होती, सहाही पुसली. बाबांच्या जुन्या फोनवरच्या मेल अ‍ॅपमध्ये खाते पीओपी३चे होते आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली. फोन दर पंधरा मिनिटांनी त्यांचा इनबॉक्स झाडून नेत होता. लॅपटॉपवर मेल न दिसण्याची तक्रार हीच. आणि आईची, ताईची चुकून आलेली पत्रेही त्याच केरसुणीखाली गेली. ताईचा रिपोर्ट सर्व्हरवर राहिला, कारण त्या दुपारी तो फोनवर उतरल्यावर, सर्व्हरवरची प्रत पुसली जाण्याआधीच, फोनची बॅटरी संपली होती. बाबांनी तो पाहिला तो रात्री, आणि तेव्हाच फोनचे मेल बंद केले.

कुणीच न केलेली तक्रार

लॉग चाळताना एक ओळ दर पाच मिनिटांनी दिसत होती, दिवसाला २८८ वेळा: '५५२ ५.३.४', पत्राचा आकार मर्यादेबाहेर. ताईच्या घरमालकाने भाडेकराराची ८.४ एमबीची स्कॅन पाठवली होती. जोडलेली फाइल मेलमधून बेस-६४ या अक्षररूपात जाते. त्यात ५७ बाइटची एक ओळ नव्या ओळीच्या खुणांसह ७८ बाइटची होते, म्हणजे फाइल सुमारे १.३७ पट फुगते आणि ८.४ एमबीचे जवळपास १,१५,००,००० बाइट होतात. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या वरची फाइल अडतेच. फेचमेलने पत्र पुसले नव्हते, म्हणून ते पुरवठादाराच्या पेटीत शिल्लक होते. ते पुसले गेले असते तर ताईला कधी कळलेच नसते.

दुरुस्ती

सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुरवठादाराकडे चौघांच्या चार पेट्या घेणे आणि फेचमेलमध्ये चार वेगवेगळे 'पोल' (एकेका पेटीची नोंद) लिहिणे. मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. पेट्यांचे जास्तीचे पैसे परवडत असतील तर दुसरा विचार करू नये. इथे एकाच पेटीचे पैसे भरलेले होते, म्हणून पुढचा मार्ग घेतला.

फेचमेलच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एन्व्हलप' (पाकिटावरचा पत्ता कुठल्या ओळीत पाहायचा) पुढे 'एक्स-ओरिजिनल-टू' लिहिले. 'डिलिव्हर्ड-टू' नाही, कित्येक नमुना कॉन्फिगरेशनमध्ये तेच असते, पण या पुरवठादाराच्या पत्रांत त्या ओळीत कॅच-ऑल पेटीचे नाव आहे आणि सगळे टपाल एकाच ठिकाणी गेले असते. ओळीचे नाव कच्चे पत्र पाहूनच ठरवावे. काही पुरवठादार पत्त्याआधी स्वतःचा उपसर्ग जोडतात, तिथे तो 'क्यूव्हर्च्युअल'ने कापावा लागतो. इथे तशी गरज नव्हती. नव्या यंत्राचे नाव 'एकेए'मध्ये (फेचमेलच्या ओळखीच्या सर्व्हरनावांच्या यादीत) घालणे हाही उपाय दिसतो, पण पुरवठादाराने पुन्हा यंत्र बदलले की तो पडतो आणि सोळा निमंत्रणे तर त्याने थांबतच नाहीत.

'लोकलडोमेन्स'मध्ये (फेचमेलने आपली समजायच्या डोमेनच्या यादीत) घर.उदाहरण घातले. त्या डोमेनचा पत्ता फेचमेल मग जसाच्या तसा पोस्टफिक्सकडे देतो, म्हणून पोस्टफिक्सलाही ते डोमेन आपले आहे हे माहीत असावे लागते. 'पोस्टमॅप -क्यू'ने चारही पत्ते तक्त्यात विचारून पाहिले. 'पोस्टमास्टर' म्हणून बाबांच्या जागी 'टपालमास्तर' हे वेगळे खाते केले. 'नो बाउन्समेल' दिले, नाहीतर बनावट पत्त्यांवरून आलेल्या कचऱ्याची परतपत्रे भलत्याच माणसांना जातात. पोस्टफिक्सचा 'मेसेज साइझ लिमिट' २,६२,१४,४०० केला. 'मेलबॉक्स साइझ लिमिट' त्याहून कमी ठेवायचा नसतो. तो मुळात ५,१२,००,००० असल्याने हात लावला नाही.

डव्हकॉटच्या 'प्रोटोकॉल्स'मधून पीओपी३ काढून टाकला, पण बाबांच्या फोनमधली पत्रे बाहेर काढल्यानंतरच. उलट क्रमाने केले तर काही अ‍ॅपमध्ये खाते काढताना फोनवरच्या एकमेव प्रतीही जातात.

चाचणी

बाहेरच्या खात्यावरून सात पत्रे पाठवली, प्रत्येकाच्या विषयात क्रमांक: चौघांपैकी प्रत्येकाला एकेक थेट, आईला फक्त बीसीसी, चौघांना मिळून एक, आणि ताईला ९ एमबीची फाइल. मिळायला हव्यात त्या प्रती दहा. 'डोव्हअ‍ॅडम सर्च'ने विषयावरून मोजल्या, दहाच भरल्या, टपालमास्तरकडे शून्य. मगच 'कीप' काढला. घरमालकाचा भाडेकरार पुढच्याच फेरीत आपोआप ताईकडे आला.

चुकलेली पत्रे परत करताना ती फॉरवर्ड केली नाहीत, कारण त्यात पाठवणारा आणि तारीख दोन्ही बदलतात. सर्व्हरवर उरलेला रिपोर्ट 'डोव्हअ‍ॅडम मूव्ह'ने हलवला. या आज्ञेत '-यू' नंतर घेणाऱ्याचे नाव येते आणि 'युझर' नंतर देणाऱ्याचे, आणि हे उलटे होणे फार सोपे आहे. म्हणून आधी त्याच मेसेज-आयडीने 'सर्च' करून एकच पत्र सापडते ना ते पाहिले. फोनमधली पत्रे ईएमएल फाइली म्हणून जतन केली आणि लॅपटॉपवरच्या थंडरबर्डमधून ज्याच्या त्याच्या आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या) खात्यात ओढून टाकली. बाबांनी फोनवर नकोशी समजून पुसलेल्या दोन सोसायटी-सूचना मात्र कुठेच उरल्या नव्हत्या. त्या आईने सचिवांकडून पुन्हा मागवल्या.